शेंड्याचा भाव

विहिरीवर वाकलेल्या त्या बाभळीवर त्या साली एकही सुगरण पक्षी घरटं विणत नव्हता. सगळे घरटी घेत होते आणि देत होते.

पूर्वी नर चोचीत गवताचं एकेक पातं आणून दिवसदिवस विणायचा. मादी आत शिरून पाहायची आणि मनाला आलं तरच अंडी घालायची. आता एवढा उद्योग करतो कोण? एक जण फांदीला नुसती गवताची गाठ मारायचा, दुसरा ती दाणे मोजून घ्यायचा आणि संध्याकाळी तिसऱ्याच्या गळ्यात चढ्या भावाने बांधायचा. सकाळी लालबुड्या बुलबुल शेंड्यावर बसून भाव पुकारायचा. दर सौद्यामागे दोन दाणे त्याचे. त्याचं स्वतःचं घरटं खाली करवंदीच्या जाळीत होतं, पण ते का, असं त्याला कोणी विचारलं नाही.

गोंदी आणि तिचा नर पिवळ्या यांच्याकडे बुंध्याच्या ढोलीत साठवलेले चारशे दाणे होते, घरटं नव्हतं. गोंदीला पंधरा दिवसांत अंडी घालायची होती. दाणे देऊन बसावं, तर पिलं खाणार काय? न द्यावे, तर उद्याचा भाव आणखी वर. शंभराचे दोनशे झाले, दोनशेचे तीनशे. पिवळ्याचा जीव टांगणीला लागला होता. बसल्या फांदीवर तो टिकेना. त्याच्याबरोबर अंड्यातून निघालेला झेंड्या सात घरट्यांचा धनी झाला होता, आणि पिवळ्या अजून फांदीवर झोपत होता. हे तो दिवसातून दहा वेळा बोलून दाखवायचा.

शेवटी गोंदी शेंड्यावरचं घरटं पाहायला गेली. भाव साडेतीनशे. वरून टोपी होती, खाली तळच नव्हता. आत डोकावली तर विहिरीचं पाणी दिसलं.

“बुलबुलभाऊ, अंडी कुठे ठेवायची?” तिने विचारलं.

“वहिनी, अंडी घालायला कोण घेतंय?” बुलबुल हसून म्हणाला. “पुढच्याला द्यायला घेतात.”

गोंदी खाली आली. बुंध्याजवळ, काट्यांच्या गर्दीत, एका म्हाताऱ्या सुगरणीचं जुनं घरटं ऐंशी दाण्यांत मिळत होतं. तिकडे कोणी फिरकत नव्हतं. तिने ते घेतलं आणि पिवळ्याला तळ विणायला बसवलं. तो फार धुसफुसला, तेव्हा वीस दाणे काढून शेंड्यावरची एक गाठ त्याच्या नावाने घेऊ दिली. हे वीस बुडाले तरी पिलांचा घास जाणार नाही, एवढंच ती म्हणाली. तीनशे दाणे ढोलीतच राहिले.

दुसऱ्या दिवशी भाव चारशे झाला. तिसऱ्या दिवशी पाचशे. येणारा-जाणारा विचारायचा, काय गोंदे, काटे टोचत नाहीत ना? पिवळ्या दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. खरं सांगायचं तर गोंदीलाही चैन नव्हतं. अंड्यांवर बसल्याबसल्या तिची मान वर वळायची. आपली भित्री अक्कल आपल्याला नडली, असं तिला रोज वाटायचं, आणि रागाने ती तळात आणखी एक पातं ओवायची. वर शेंड्याला जागा उरली नव्हती. म्हणून घरट्याच्या शेपटाला घरटं, त्याच्या शेपटाला आणखी घरटं, असं बांधणं सुरू झालं होतं. झेंड्याचं सातवं घरटं पाण्याला टेकायला आलं होतं. पण त्याचं मूळ शेंड्यावर, म्हणून त्याचा भावही शेंड्याचाच.

मग झड लागली. आठ दिवस पाऊस हटला नाही, शेतांत पाणी साचलं, दाणा टिपायला कुठे जाता येईना. पोटात कावळे ओरडू लागले तशी प्रत्येकाला एकच युक्ती सुचली: आपलं एक घरटं देऊन टाकू. अख्खी बाभूळ एका आवाजात “घ्या, घ्या” म्हणू लागली. घेणारा कोणीच नव्हता.

तिथली रीत अशी होती की, नवा सौदा होईपर्यंत जुना भाव चालायचा. सौदा होत नव्हता, त्यामुळे भावही उतरत नव्हता. रोज सकाळी बुलबुल पाचशे पुकारायचा, आणि उपाशी पक्षी आपापली घरटी मोजून जरा शांत व्हायचे.

नवव्या दिवशी झेंड्या भिजत ढोलीपाशी आला. त्याची पिसं अंगाला चिकटली होती, मागे त्याच्या मादीच्या पंखाखालून, फांदीच्या बेचक्यातच उबवलेल्या पिलाची उघडी चोच दिसत होती.

“गोंदे, एक दाणा दे,” तो म्हणाला. “सातही घरटी तुझी.”

पिवळ्याचे डोळे चकाकले. घे, घे, म्हणून तो तिला पंखाने ढोसू लागला. गोंदीच्या अंड्यांतूनही त्याच सकाळी तीन पिलं निघाली होती. ढोलीतला प्रत्येक दाणा त्यांचा होता. तिने बराच वेळ आत पाहिलं आणि एक दाणा चोचीत धरला.

तेवढ्यात वरचा कलकलाट थांबला. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत प्रत्येक सुगरण मान काढून तिच्या चोचीकडे बघत होती. एका दाण्याला सात; सौदा झाला की हाच सगळ्यांचा भाव. एक म्हातारा नर तेवढा हळूच म्हणाला, “पोरी, एवढं करू नकोस.”

गोंदी उडाली. तिने दाणा झेंड्याच्या पिलाच्या चोचीत घातला.

“घरटी नकोत,” ती झेंड्याला म्हणाली.

सगळ्या झाडाने श्वास सोडला. बुलबुलाने पंख झटकले, गळा मोकळा केला आणि पाचशेचा भाव पुकारला. वरून खालपर्यंत रिकाम्या पोटांनी माना डोलावल्या. मग एकेक करून सगळे खाली उतरले आणि आपापली पिलं घेऊन ढोलीपुढे रांगेत उभे राहिले.