कपाळावरचा आडवा हात

"हात उचलत नव्हते, तेव्हा ताईचं डोकं कोण धूत होतं?"

निरोप घेऊन आलेल्या माणसाला मी हे विचारलं. काकांना विचारलं. मठाच्या दारात बसलेल्या नामाबुवांना विचारलं.

कुणी सांगितलं नाही. नामाबुवांनी तर तोंडच फिरवलं.

मग मी तसाच आत शिरलो आणि माईंना विचारलं.

माई म्हणजे ताईच्या गुरू. अंगणात उन्हाला बसल्या होत्या. पांढरी जट पाठीवरून उतरून जमिनीला टेकलेली.

"तू शिदू का?"

"होय. पण मी विचारलं..."

"साबण बघितला की गल्लीभर नागडा पळायचास, तोच ना?"

मला हसू आलं नाही.

आई गेली तेव्हा मी लहान होतो. तेव्हापासून ताईच मला न्हाऊ घालायची. मी हाताशी आलो आणि तिनं घर सोडलं. येरळा नदीच्या काठी या मठात आली, जट वाढवली. यंदा तिचे दोन्ही खांदे वातानं धरले, हात छातीच्या वर जाईनात. मग ताप आला. मला निरोप मिळाला तेव्हा तिला समाधी देऊन झाली होती.

गावातले म्हणाले, एवढी जट, धुणार कोण? किडेच पडले असतील तिच्या डोक्यात.

मठाची रीत मला ठाऊक होती. शिष्यानं गुरूचं डोकं धुवायचं. गुरूनं शिष्याचं धुतलेलं कुणी ऐकलेलं नाही. आणि माईंना ताईखेरीज दुसरी शिष्या नव्हती.

"टोपी कशाला?" माईंनी विचारलं.

"केस काढलेत."

"घर सोडलेल्याचं सुतक घरच्यांना नसतं."

"काकाही तेच म्हणाले."

"मग?"

"मी न्हाव्याकडं गेलो."

माईंनी शेजारचं रिठ्यांचं सूप माझ्याकडं सरकवलं.

"रिठे फोडता येतात?"

"माई, मी काय विचारतोय आणि तुम्ही..."

"बिया काढून टाक. कडुनिंबाचा पाला टाकून उकळ. चूल तिकडं आहे."

राग इतका आला, की पहिला रिठा दगडाखाली पार भुगाच झाला. पण फोडले. उकळले. पातेलं उचलून तसंच माईंपुढं आणून आदळलं.

"गाळलंस?"

"नाही."

"कपड्यातून गाळ. चोथा जटेत बसला की मग निघत नाही. शेवंतानंही पहिल्या दिवशी असंच आणलं होतं."

शेवंता माझी ताई.

मी गाळलं. पाणी कोमट होऊ दिलं. पिशवीतून तेलाची बाटली काढली. जास्वंदीची फुलं घालून कढवलेलं खोबरेल. ताईसाठी नेईन, नेईन म्हणत घरीच राहिलेलं. बूच काढून मी ते माईंच्या जटेवर ओतणार, तोच त्यांनी मनगट धरलं.

"जटेला तेल पाजतोस? धूळ धरेल, आतून कुजेल."

"मग कशाला लावू?"

"जट मेलेली असते रे. जिवंत आहे ती टाळू. तिच्याकडं बघ."

बाटली मी परत पिशवीत ठेवली.

माई पुढं वाकल्या. मी तांब्यानं पाणी घातलं आणि खसाखसा चोळायला लागलो.

"नखं नकोत. बोटांच्या पेरांनी. म्हैस धुतोयस का?"

"आमच्या म्हशीला असलं कौतुक लागत नाही."

"तिला जट नाही म्हणून."

मी पेरांनी चोळू लागलो. दोन जटांच्या मधल्या वाटेनं, हळूहळू. त्यांनी पुढं केलेलं कोरफडीचं पातं चिरून त्याचा गर टाळूला लावला. माईंची टाळू पातळ होती, लहान मुलासारखी. तिथं बोट ठेवलं आणि माझा राग कुठं गेला मला कळलं नाही.

फेस कपाळाकडं उतरायला लागला. मी डावा तळहात त्यांच्या भुवयांवर आडवा धरला, बांध घातल्यासारखा, आणि उजव्या हातानं पाणी ओतलं.

माईंनी कपाळावरचा माझा हात बोटांनी चाचपला.

"हे कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. ताई धरायची. शिकेकाई डोळ्यांत जाऊ नये म्हणून."

"मी धरत नव्हते," माई म्हणाल्या. "पहिल्या खेपेला तिच्या डोळ्यांत गेलं सगळं. मग तिनंच सांगितलं... माई, हात आडवा धरा."

तांब्या माझ्या हातातून निसटला. फरशीवर वाजत दारातल्या नामाबुवांपर्यंत गेला. त्यांनी तो उचलला नाही, पदराआड बायका रडतात तसे उपरण्याआड रडत बसले.

मी माईंचे पाय धरले. बोलायचं पुष्कळ होतं. तुम्ही गुरू असून, एवढं तुमचं वय, एवढी तिची जट... तोंडातून नुसतं "माई, माई" येत राहिलं.

"पाय सोड. डोक्यात फेस तसाच आहे."

मी तांब्या आणला. पाणी नितळ येईपर्यंत ओतत राहिलो.

"आता पिळ. एकेक. फडक्यात धरून."

मी एकेक जट फडक्यात धरून पिळली. मग त्या सुट्या करून उन्हात धरून बसलो. ओली बांधली तर आत कुबट वास धरते, हे त्यांनी सांगितलं. ताईच्या जटा वाळायला त्यांना किती वेळ असं बसावं लागलं असेल, ते मी विचारलं नाही. माझेच हात भरून आले होते.

ऊन अंगणातून भिंतीवर चढलं, तेव्हा माईंनी जटेच्या बुडाशी बोट घालून पाहिलं.

"कोरडी झाली."

मी बाटली पुन्हा काढली.

"आता टाळूला दोन थेंब लावू का?"

"कुणासाठी आणली होतीस?"

"ताईसाठी."

"मग माझ्याकडं दे."

मी दिली. त्यांनी तळहातावर थोडं तेल घेतलं, दोन्ही हात एकमेकांवर चोळले आणि म्हणाल्या,

"वाक."

मी टोपी काढली. वाकलो.

"माई, पण माझ्या डोक्यावर केस कुठायत?"

त्यांनी डावा हात माझ्या कपाळावर आडवा धरला.

"टाळू आहे ना?"