बांधाखालची चूल

आषाढ वद्य पंचमी, दिवसाचा दुसरा प्रहर. शिलावती नगराच्या सभागृहात अकरा आळ्यांचे अकरा प्रतिनिधी बसले होते. बाहेर सहा दिवसांची झड लागली होती आणि नगराच्या वरच्या अंगाचा तलाव भरत आला होता. त्या काळी शिलावतीवर सुषेण राजाचं राज्य होतं. बोधिसत्त्व त्या जन्मी कुंभाराच्या घरी जन्मला होता आणि त्याचं नाव भद्रक होतं. कुंभारआळीने शलाका, म्हणजे मताच्या काड्या, टाकून त्याला आपला प्रतिनिधी निवडलं होतं.

शिलावतीत अशी रीत होती की वर्षातून एकदा प्रतिनिधीने मडकं घेऊन आपल्या आळीत घरोघर जायचं. प्रत्येक चुलीमागे एक बी मडक्यात पडायची. रस्ता हवा असेल तर चिंचोका, विहीर हवी असेल तर एरंडी, मंडप हवा असेल तर गुंज. ज्या बिया जास्त निघतील ते काम प्रतिनिधीने सभेत मागायचं. बांधासाठी मात्र बी ठरवलेलीच नव्हती. पावसाळ्यात बांधाचं नाव घेतलं की तो ऐकतो आणि खचतो, अशी लोकांची समजूत होती. नगराला ज्या गोष्टीची सर्वांत जास्त भीती वाटत होती, तिच्यासाठीच काही मागायची सोय नगराने ठेवली नव्हती.

कुंभारआळीच्या एकशे चाळीस चुलींपैकी एकशे बारा चुलींनी त्या वर्षी गुंज टाकली. श्रावणात तलावावर राजाची नौकाक्रीडा व्हायची. ती बघायला आळीला काठावर स्वतःचा मंडप हवा होता.

सभेच्या आदल्या दिवशी भद्रक मडकं घेऊन आळीच्या शेवटच्या घरापर्यंत आला आणि तिथे न थांबता पुढे गेला. बांधाच्या पायथ्याशी मातकाम करणाऱ्यांची बावीस खोपटी होती. बारा वर्षांपूर्वी बांध घालायला ही माणसं आणली होती. डागडुजीला लागतात म्हणून नगराने त्यांना ठेवून घेतलं, पण आपलं मानलं नाही. कायद्यात चूल म्हणजे जमिनीत रोवलेली, सारवलेली चूल. यांच्या चुली तीन दगडांच्या होत्या, म्हणून त्यांना बी नव्हती.

सोणा नावाची म्हातारी खोपटाबाहेर बसली होती. मडकं बघून ती हसली. "इकडं कशाला आलास, भद्रका? आमचे दगड मोजायला?"

भद्रक म्हणाला की तुम्हाला काय हवं ते विचारायला आलो. म्हातारी उठली. तिने त्याला बांधाच्या मुळाशी नेलं. तिथे बोटभर धारेने पाणी झिरपत होतं. तिने वाडग्यात ते धरलं आणि वाडगा त्याच्या हातात दिला. थोड्या वेळाने तळाशी लाल गाळ बसला.

"स्वच्छ झिरपलं तर बांध जगतो," ती म्हणाली. "बारा वर्षं स्वच्छ झिरपत होतं. परवापासून हे येतंय. बाहेरची माती काळी आहे, लेका. लाल आम्ही आत भरली होती."

परतताना भद्रकाला दिसलं की खोपटांपुढच्या प्रत्येक लहान मुलाच्या कमरेला दोरी बांधलेली आहे आणि दोऱ्यांची दुसरी टोकं वरच्या करंजाच्या बुंध्याला आहेत. सोणानेच सांगितलं, "पाणी आलं तर पोरं निदान सापडतील."

त्यामुळे पंचमीच्या सभेत भद्रकाने आधी रीतीप्रमाणे मंडप मागितला आणि मग बांधाचं नाव घेतलं. झिरपा गढूळ झाला आहे, आजच मोरी, म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार, उघडून तलाव चार हात उतरवावा, असं तो म्हणाला. सोनारआळीच्या वृद्ध प्रतिनिधीने कानांवर हात ठेवले.

सभापती नंदिकाने विचारलं, "भद्रका, तुझ्या मडक्यात काय निघालं?"

"एकशे बारा गुंजा."

"मग गुंजांचं बोल. नौकाक्रीडा तोंडावर आली आहे. तलाव उतरलेला राजाला कोण दाखवणार, तू?"

काहीजण हसले. शलाका पडल्या. मोरी बंद ठेवावी म्हणून दहा, उघडावी म्हणून एक. त्या दहांपैकी एकानेही बांध मजबूत आहे असं म्हटलं नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

बातमी आळीत त्याच्या आधी पोहोचली होती. आम्ही मंडप मागितला आणि हा बांध बोलून आला, आता काही झालं तर याच्याच तोंडामुळे, असं लोक म्हणू लागले. त्याच्या दारात फुटकी मडकी आणून टाकली. शेजाऱ्यांनी त्याच्या बायकोशी, उत्पलेशी, बोलणं सोडलं.

दिवस मावळायच्या आत नंदिक स्वतः घरी आला आणि गोड बोलला. उत्सवाच्या साऱ्या पणत्या आणि घट कुंभारआळीकडून घेऊ, पुढच्या खेपेलाही तूच प्रतिनिधी राहशील, फक्त बोललेलं मागे घे, असं त्याने सुचवलं. भद्रकाने त्याला इतकंच विचारलं की आपण बांधाखाली कधी उतरून पाहिलंत का.

"मी कशाला उतरू?" नंदिक म्हणाला. "घरी दोन लहान नातवंडं आहेत मला."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं आणि तो उठून गेला.

नगराचा एक जुना कायदा होता. प्रतिनिधीची चूल जिथे पेटते तिथवर नगराची हद्द धरायची, आणि नगराची चूल बांधाच्या पायथ्याशी असेल तर तलावाचं पाणी घाटाच्या सातव्या पायरीपुढे चढू द्यायचं नाही. त्या दिवशी पाणी अकराव्या पायरीवर होतं. भद्रकाने घरातली चूल खणून काढली आणि निखारे मडक्यात घेतले.

उत्पला म्हणाली, "मला भीती वाटते."

"मलाही," तो म्हणाला. त्याने निखाऱ्यांचं मडकं उचललं.

चार वर्षांच्या मुलीला त्यांनी वरच्या आळीत मामाकडे ठेवलं आणि दोघं बांधाखाली गेली. भद्रकाने चूल रोवली, उत्पलेने ती सारवली. ओली चूल धुरावत राहिली. सोणा बघत होती.

"लेक कुठाय?" तिने विचारलं.

दोघांनी वरच्या आळीकडे पाहिलं.

"वर ठेवून आलात. म्हणजे तुम्हालाही कळतंय."

"हो," भद्रक म्हणाला. "तुमचीही मुलं वर न्यायला हवीत, आत्ताच."

उत्पला ज्या आळीत तिच्याशी कोणी बोलत नव्हतं तिथे परत गेली. प्रत्येक दारात उभं राहून तिने एकच विचारलं, एक मूल ठेवून घ्याल का. पहिल्या तीन घरांनी दार लावून घेतलं. चौथ्या घरातली बाई म्हणाली, "खरंच फुटणार आहे का गं?" उत्पलेला रडू आलं. बाईने दार उघडं ठेवलं. त्यानंतर बाकीची दारंही एकेक करून उघडली. अंधार पडायच्या आत दोऱ्या सोडून सगळी मुलं वर गेली.

षष्ठीला सकाळी सभा पुन्हा बसली. नगराची चूल आता बांधाखाली होती, कायद्यापुढे नंदिकाचा नाइलाज झाला. मोरी उघडण्याची आज्ञा निघाली. आठ माणसांनी साखळी ओढली, पण मोरीचं दार हललं नाही. तेव्हा सोणाचा मुलगा मल्लक मोरीच्या दारापाशी जाणाऱ्या विहिरीत उतरला. वर आला तेव्हा त्याच्या हातात लोखंडी मेख होती. तिला गंज नव्हता.

"दार चौकटीला ठोकलंय," तो म्हणाला. "अशा आणखी चार आहेत."

मल्लक पुन्हा उतरला आणि दुसरी मेख घेऊन आला. एवढ्यात खालून सोणाची हाक आली. झिरप्याची धार मांडीएवढी झाली होती. भद्रकाने खोपटांतून फिरून एकेकाला हाताला धरून बाहेर काढलं, आजाऱ्यांना पाठीवर घेतलं. त्याला भीती वाटत होती, आणि तिची त्याला लाज वाटत नव्हती. मल्लकाला बाहेर ये म्हणून त्याने दोनदा ओरडून सांगितलं. दार उघडलं तर पाणी मोरीने जाईल, नगर वाचेल, असं म्हणून मल्लक तिसऱ्यांदा खाली गेला.

दुसऱ्या प्रहराच्या शेवटी बांध मधोमध फुटला. बावीस खोपटी, नवी चूल आणि कुंभारआळीच्या खालच्या नऊ घरांच्या भिंती गेल्या. त्या घरांतली माणसं मुलांना घेऊन आधीच वर गेली होती. माणूस एकच गेला, मल्लक. तो सापडला नाही.

मोरीच्या विहिरीला कुलूप असे आणि किल्ली सभागृहात असे. लोहारांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, मेखा सगळ्यांसाठीच करतो. चौकशी नौकाक्रीडेनंतर करू, असं सभेने ठरवलं. तलावात पाणी नसल्याने त्या वर्षी नौकाक्रीडा झाली नाही. चौकशीही झाली नाही.

पुढे कितीतरी जन्मांनंतर एका गणराज्याचा प्रमुख जेतवनातल्या विहारात भगवंतांकडे आला आणि म्हणाला, "भगवन्, लोक मागतात तेच मी देतो. मग दोष माझा कसा?" तेव्हा भगवंतांनी हा वृत्तांत सांगितला. ते म्हणाले, "त्या वेळची सोणा म्हणजे आजची महाप्रजापती गौतमी. उत्पला ती राहुलमाता. मल्लक तो आनंद. सभापती नंदिक तू होतास, आणि कुंभारआळीचा भद्रक मी होतो. भद्रकाला भीती वाटत होती आणि भीत भीतच तो बांधाखाली उतरला. ही करुणापारमिता."

एका भिक्षूने हात जोडून विचारलं, "आणि मेखा कोणी ठोकल्या, भगवन्?"

"तोही आज या सभेत आहे," भगवंत म्हणाले. "त्याने स्वतः सांगावं."

चौथा प्रहर संपेपर्यंत सभा बसून होती. कोणी उठलं नाही.