चिमाईचा न संपणारा भागाकार

फार वर्षांपूर्वी, आपल्या पाटाला दगडी तोंडही नव्हतं तेव्हा, त्याचं पाणी चिमाई वाटत असे. मंडळी, तुम्ही निवांत बसला आहात, पण ती बाई कधी बसली नाही. सहा वाड्यांना पाणी सोडत ती दिवसभर पाटाच्या कडेनं ये-जा करायची. घंगाळात तरंगणारी भोकाची वाटी बुडली की एक घटका झाली, एवढंच तिचं घड्याळ.

सारखं वाटावं तर वाडीला दिवसाकाठी जेमतेम चार घटका येत. तेवढ्यात पाणी कसंबसं बांधापाशी पोहोचे आणि पाळी संपे. एकीला जास्त द्यावं तर बाकीच्या पाच उठत. त्या साली वरच्या वाडीतला तिचा सख्खा भाऊ रावजी आणि खालच्या वाडीतला दीर सटवाजी फावडी उगारून समोरासमोर उभे राहिले.

"वैनी, तू माहेराकडं ओढतीस!" सटवाजी म्हणाला.

"आक्का, तू सासरचीच झालीस," रावजी म्हणाला.

इकडे आड, तिकडे विहीर! कुणाचंही डोकं फुटलं तरी घर तिचंच बुडणार होतं.

"सांजपावेतो थांबा," ती कशीबशी म्हणाली.

सहा वाड्या आणि सातवा वाटा गुरांचा, असे सात वाटे करायला तिनं दहा खडे घेतले. एकेक दिला, तीन उरले. उरलेल्या प्रत्येकाचे दहा मानले, तीस झाले. चार चार दिले, दोन उरले. मग दोन दोन, मग आठ आठ, पाच पाच, सात सात. उरला एक. त्याचे दहा केले, तर पुन्हा आपला एकेक! वाटणी संपेचना. असं म्हणतात, त्या दुपारी तिच्या येरझाऱ्यांनी पाटाचा काठ वीतभर खचला.

मग ती थबकली. एक, चार, दोन, आठ, पाच, सात. म्हणजे एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. दुप्पट केली, तर दोन लाख पंच्याऐंशी हजार सातशे चौदा. अंक तेच, सुरुवात तेवढी निराळी! सहापटीपर्यंत तेच.

तिनं पाळी लावली. पहिल्या दिवशी मूळ आकड्यातला एकेक अंक एकेका वाडीच्या घटका, दुसऱ्या दिवशी दुपटीतले, तिसऱ्या दिवशी तिपटीतले. सहा दिवसांत प्रत्येकीला आठ घटकांचं भरपूर पाणी एकदा, एका घटकेचं तुटपुंजं एकदा, आणि एकूण सत्तावीस. रोजची बेरीजही सत्तावीसच; दिवसाच्या तीस घटकांतल्या उरलेल्या तीन गुरांना.

"ही रांग कुणी लावली?" सटवाजीनं दरडावलं.

"कुणीच न्हाई. आकड्याला ना माहेर, ना सासर."

फावडी खाली आली. सातव्या दिवशी सातपट केली, तर नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव. सगळ्यांना नऊ नऊ! एवढ्या घटका दिवसात बसेनात. पण असं म्हणतात, त्या दिवशी पाणी सहाही वाड्यांत एकाच क्षणी पोहोचलं. चिमाई मात्र उरलेला एक खडा मुठीत धरून पाण्याबरोबर चालत गेली, ती परतलीच नाही.

आजही आपल्याकडे दोघं पाण्यावरून भिडले की म्हातारी माणसं त्यांच्यापुढं दहा खडे ठेवतात. म्हणतात, "चिमाईच्या नावानं सात वाटे करा. वाटणी संपली की खुशाल डोकी फोडा."

आजवर कुणाची संपलेली नाही.