सुकरी आणि चांदीची पळी

या, जवळ सरका. पाय आवर रे पिलू, माझ्या पोटात घालतोयस. हं, ऐका आता.

एक होता राजा. चांगला होता, उगाच वाईट कशाला सांगू! त्याला एकच मुलगा. तो एकदा डोंगरात शिकारीला गेला. शिकार काही मिळाली नाही, पण झऱ्यावर पाणी भरणारी सुकरी दिसली. डोंगरातल्या पाड्यावरची पोर ती. शुक्रवारी जन्मली म्हणून सुकरी. मग घरी येऊन म्हणतो कसा, लग्न करीन तर तिच्याशीच. राजाराणीनं थोडी कुरकुर केली, नाही असं नाही. पण लग्न लावून दिलं.

मग वर्षानं सुकरीला मुलगा झाला. हत्तीवरून साखर वाटली. पण साखर वाटून होते न होते तोच सुकरीला ताप भरला. बाळंतिणीचा ताप, फार वाईट बरं का. ताप काही उतरेना. डोळे खोल गेले, हाताच्या काड्या झाल्या. तिला प्यायला दूध आणायचे ते चांदीच्या पेल्यात, आणि ते जसं यायचं तसंच परत जायचं. दाईच्या ओंजळीतून घोटभर पाणी घ्यायची, तेवढंच. बाळाला मात्र कुशीतून सोडायची नाही.

राजाच्या पदरी निळोपंत वैद्य होते. मोठे गुणी. बोटं मनगटावर टेकली की आजार सांगायचे. नाडी सगळं बोलते, माणसाला काय विचारायचं, असं म्हणायचे. त्यांनी सुकरीची नाडी पाहिली आणि त्यांचं तोंड उतरलं. म्हणाले, "महाराज, माझ्या बटव्यातलं औषध इथं चालायचं नाही. बोलत्या झाडाकडेच जायला हवं."

बोलतं झाड होतं तळ्याच्या मधल्या बेटावर. वैद्यबुवा होडीत बसून गेले, हात जोडून उभे राहिले. झाड सळसळलं. म्हणालं, "तीन पानं देतो. एका पानाच्या रसानं माणूस बरं होईल. पण आपणहून उघडलेल्या तोंडातच माझा रस औषध होतो. ओठ मिटले, की त्याचं पाणी. आणि पुन्हा मागायला येऊ नका, माझ्याकडे एवढीच आहेत."

मग वैद्यबुवा तीन पानं घेऊन आले. पहिलं पान खलात वाटलं, हिरवागार रस निघाला. राणीनं देवघरातली चांदीची पळी काढून दिली. सुनेला साध्या पळीनं कसं द्यायचं, नाही का? पळी ओठांशी नेली मात्र, सुकरीनं ओठ घट्ट मिटले. दाईनं गाल दाबले, नाक दाबलं. अशी असतात माणसं, जीव वाचवायला जीव घाबरा करतात. बघता बघता पळीतल्या रसाचं पाणी झालं.

राणी म्हणाली, "पळी लहान पडली. राजाच्या सुनेचा मान नको का ठेवायला?" मग राजाचा स्वतःचा पेला आणला. चांदीचा, वर मोर कोरलेले. दुसरं पान वाटलं. राणीनं स्वतः पेला पुढे केला. "सूनबाई, घे गं राजा." सुकरीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण दातांवरचे दात काही सुटेनात. दुसऱ्या पानाचंही पाणी झालं.

आता राहिलं एकच पान. ते गेलं की सुकरी गेली. आणि तिच्या कुशीतलं ते एवढंसं बाळ आईवाचून राहणार. राजपुत्र दाराबाहेर डोकं धरून बसला होता. ती ओठ का मिटते ते नवऱ्याला तरी ठाऊक असेल म्हणाल, तर त्याला कुठलं ठाऊक! बायकांचं बायकांत असतं. राजानं काय केलं असेल? सोनाराला बोलावलं. "चांदीचा मोठा तांब्या घडव, माणकं लाव त्याला!" हसू नका. त्याला वाटत होतं, मान कमी पडतोय.

पण वैद्यबुवा म्हणाले, "थांबा महाराज. दोनदा मी नाडीचं ऐकलं. आता पोरीचं ऐकतो."

मग ते आत गेले. उंच आसन बाजूला सारलं आणि उंबऱ्याशी जमिनीवर बसले, गुडघे दुखत असूनही. म्हणाले, "पोरी, औषध कडू लागेल म्हणून घेत नाहीस का?" सुकरीनं मान हलवली, नाही. "आमच्यावर भरवसा नाही का?" पुन्हा नाही. "मग कशाची भीती वाटते तुला?" सुकरीनं दोन्ही तळव्यांनी बाळाचे कान झाकले.

वैद्यबुवा बघतच राहिले. मग उठले, आणि राणीला हळूच म्हणाले, "राणीसाहेब, बाळाला जरा अंगणात न्या. उन्हात धरा त्याला." या वेळी सुकरीनं हात सैल केले, आणि राणी बाळाला घेऊन गेली. दार लोटलं. आणि सुकरी बोलली.

"वैद्यबाबा, आमच्या साऱ्या पाड्यात मिळून चांदीची एकच पळी असती. माणूस जाया लागलं, की त्या पळीनं शेवटचं पाणी पाजत्यात. जित्या माणसाच्या ओठाला चांदी लावत न्हाईत. तुम्ही पळी आणली, मग पेला आणला. मला वाटलं, मी आता जगत न्हाई असं तुम्ही समद्यांनी ठरवलं. आन बारशाआधी लेकराच्या कानावर मरणाचा शब्द पडू देत न्हाईत. मग कसं सांगू?"

वैद्यबुवांना भडभडून आलं. बिचारी पोर! सगळ्यांनी प्रेमानं जे पुढं केलं, ते तिला मरण वाटलं. डोळे पुसून त्यांनी विचारलं, "मग तुमच्याकडे आजारी माणसाला औषध कशातून देतात गं?"

"पळसाच्या द्रोणातून. घरातल्या थोरल्या बाईनं हातानं टाचायचा."

घरातली थोरली बाई कोण? राणी! तिनं जन्मात कधी द्रोण टाचला नव्हता. पळसाची पानं आणली, काड्या आणल्या. पहिला द्रोण गळका झाला. दुसऱ्याची काडी बोटात घुसली, रक्त आलं. राजा म्हणाला, "दासीला सांग ना." राणी म्हणाली, "तुम्ही गप्प बसा." तिसरा द्रोण झाला वाकडातिकडा, पण थेंब काही गळेना. मग वैद्यबुवांनी शेवटचं पान वाटलं.

राणीनं द्रोण ओठांशी नेला. सुकरीनं आधी द्रोण पाहिला, मग राणीचं टोचलेलं बोट पाहिलं. इतके दिवस तिला 'राणीसाहेब' म्हणायची ती. आता म्हणाली, "आई, तुम्ही केलात?" आणि तोंड उघडलं. रस हिरवाच राहिला. घोट घोट सगळा पिऊन टाकला.

संध्याकाळी ताप उतरला. मग सुकरीनं नाचणीची पेज मागितली. राजपुत्र स्वतः धावत मुदपाकखान्यात गेला आणि येताना निम्मी सांडली.

वैद्यबुवा पुढेही नाडी पाहतच राहिले. पण आधी विचारायचे, "तुमच्याकडे कसं करतात हो?" कुणी म्हणायचं, माझा आज उपास आहे. कुणी म्हणायची, बाई माणसानं तपासलेलं बरं. एकदा खाडीवरचा एक कोळी आला. त्यालाही विचारलं, औषध कसं घेता? तो म्हणाला, "कसं म्हणजे? गटागटा!" असंही असतं. पण विचारल्याशिवाय कळणार कसं?

मग बाळाचं बारसं थाटात झालं. डोंगरातला सगळा पाडा खाली आला, ढोल वाजवत. राजा नाचला म्हणतात, मी काही पाहिलं नाही. सगळी सुखानं राहिली. आपणही राहू. आता कूस बदला, डोळे मिटा, आणि ज्याला पाणी हवं असेल त्यानं आत्ताच सांगा. कशातून हवंय, तेही सांगा.