मीटरबाईंचा अंदाज

गाड्या नुकत्याच विजेवर धावू लागल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. एरवी गावातल्या बोळांतून हळूहळू फिरणाऱ्या मोटारीतल्या मीटरबाई महामार्गाला लागताच ऐटीत म्हणाल्या, "दोनशे किलोमीटर सहज जाऊ!" भाचीच्या लग्नाचा मुहूर्त गाठायचा म्हणून कुमुदताईंनी वाटेतलं चार्जिंग टाळलं आणि गाडी सुसाट सोडली.

निम्म्या वाटेतच मीटरबाईंचा उरलेल्या किलोमीटरचा आकडा भराभर घसरला.

"अगं बॅटरी, खातेस तरी किती?" मीटरबाई करवादल्या.

"वाऱ्याशी झुंजत पळतेय मी. तुम्ही अंदाज सांगितलात तो कालच्या बोळातल्या चालीवरून!"

मीटरबाईंना स्वतःचंच हसू आलं. "मी मेली बोळातली ज्योतिषीण! ताई, जरा हळू घ्या हो."

ताईंनी वेग उतरवला. लग्नात शेवटच्या अक्षता तेवढ्या हाती लागल्या.

गाडी चार्ज करून परतताना ताईंनी विचारलं, "आता घरी पोचू ना?"

"आधी सांगा, चालवणार कशी?"