बिबळ्याला अभय

फार पूर्वी, डोंगरांनी वेढलेल्या एका लहानशा राज्यात, एकाच गल्लीत दोन मृदंग करणारे राहत. एकाचं नाव सटवाजी, दुसऱ्याचं केरोबा. दोघं हे काम एकाच माणसाकडून शिकले होते, ते म्हणजे सटवाजीच्या वडिलांकडून. सटवाजी फणसाचं लाकूड कोरून मृदंग करी. केरोबा बिबळ्याचं लाकूड वापरी.

बिबळा हे डोंगरातलं उंच झाड. त्याच्या सालीवर घाव घातला की लाल रस पाझरतो आणि गोठून राहतो. लाकूड असं घट्ट, की त्यातून निघालेला नाद बराच वेळ हवेत राहतो. केरोबाच्या मृदंगांना दूरदूरच्या देवळांतून मागणी येई. परगावचे लोक गल्लीत शिरत, सटवाजीच्या दारात थांबत, आणि त्यालाच विचारत, "केरोबा कुठं राहतो हो?"

सटवाजी बोटानं घर दाखवी आणि परत कामाला बसे. पण मग त्याचं हातातल्या कामाकडे लक्ष लागत नसे. पलीकडे केरोबानं नव्या मृदंगावर थाप मारली की सटवाजीची पटाशी थांबे. तो नाद पूर्ण विरेपर्यंत तो ऐके, आणि विरला की त्याच्या छातीत काहीतरी टोचे. नाद वाईट असता तर त्याला बरं वाटलं असतं. तो कधीच वाईट नसे.

"जेवण गार होतंय," त्याची बायको भागा म्हणाली.

"त्याच्या हातात काय आहे सांग," सटवाजी म्हणाला. "सगळं त्या लाकडात आहे. बिबळा काढून घेतला, तर हाच केरोबा उद्या खुंट्या करून विकेल."

भागानं ताट पुढं सरकवलं. पण स्वतःच्याच बोलण्यातला तो एक तुकडा सटवाजीच्या डोक्यात अडकून बसला. बिबळा काढून घेतला तर.

त्या राज्यात एक जुना कायदा होता. एखादी झाडाची जात नाहीशी होऊ लागली, की राणी तिला अभय देई. मग त्या झाडावर कुणी कुऱ्हाड चालवायची नाही. कुणीही प्रजाजन दरबारात येऊन असं अभय मागू शकत असे.

सटवाजी दरबारात गेला. हात जोडून म्हणाला, "सरकार, बिबळा संपत चाललाय. त्याला अभय द्यावं."

दरबारात खसखस पिकली. सटवाजी केरोबावर जळतो हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

राणी हसली नाही. तिनं विचारलं, "तुला हे कशावरून वाटतं?"

"डोंगरात आता फार दिसत नाही, सरकार," सटवाजी म्हणाला. खरं तर कित्येक वर्षांत तो डोंगरात गेलाच नव्हता. त्याचे फणस परसदारी होते.

"मग जाऊन नीट बघून ये," राणी म्हणाली. "पुढच्या पौर्णिमेला सभा बोलावते. ज्यांना ते लाकूड लागतं त्यांनीही यावं. सगळ्यांचं ऐकून ठरवू."

दुसऱ्या दिवशी भाकऱ्या बांधून सटवाजी डोंगर चढू लागला. भागाही बरोबर निघाली. "तुम्ही एकटे गेलात तर तुम्हाला हवं तेवढंच दिसेल," ती म्हणाली.

खालच्या उतारावर त्यांना बिबळ्याची खोडं दिसली, जमिनीलगत तोडलेली. सटवाजीला आनंद झाला. पुढं एक उभं झाड दिसलं तेव्हा त्याचं तोंड उतरलं. त्याला वाटत होतं, झाडं जितकी कमी तितकं बरं. वर चढत गेल्यावर मोठी झाडं थोडीफार लागली, पण सगळी म्हातारी. गुरांच्या चाऱ्यासाठी फांद्या छाटून छाटून काहींचे नुसते सोटे उरले होते. त्यांना फळ धरलेलंच नव्हतं. ज्यांना धरलं होतं त्यांच्याखाली चपट्या, गोल, पंखासारख्या कडा असलेल्या शेंगा पडल्या होत्या. पण त्यातून उगवलेलं काही दिसत नव्हतं. जे उगवलं असेल ते वणव्यानं नाहीतर शेळ्यांनी संपवलं होतं.

भागा एका झाडाखाली बसली. "एखाद्या घरात नुसती म्हातारी माणसं असावीत तसं वाटतंय इथं," ती म्हणाली. "ही गेली की दाराला कुलूप."

सटवाजी पुढं गेला. गवत बाजूला करून बघू लागला, दगडांच्या आडोशाला बघू लागला. दुसरी खिंड झाली, तिसरी झाली. त्याचं शोधणं कधी बदललं ते त्याला कळलं नाही. सकाळी तो रोप सापडू नये म्हणून शोधत होता. ऊन उतरू लागलं तेव्हा एखादं तरी सापडावं म्हणून शोधत होता.

सापडलं नाही.

परत येताना तो एका ताज्या तोडलेल्या खोडापाशी थांबला. लाल रस अजून ओला होता. इतकं मोठं झाड व्हायला किती माणसांचे जन्म जात असतील, असा विचार त्याच्या मनात आला. केरोबाचं नावसुद्धा त्या वेळी त्याला आठवलं नाही.

पौर्णिमेला देवळापुढच्या पारावर सभा भरली. राणी मध्ये बसली. शेतकरी आले, कारण बिबळ्याचे नांगर बरीच वर्षं टिकत. वैद्य आले, कारण तो लाल रस औषधात लागे. घरं बांधणारे आले. केरोबा एका बाजूला शांत बसला होता.

सटवाजी उभा राहिला आणि पाहिलं ते सगळं सांगू लागला. "सरकार, झाडं आहेत, पण पोरं नाहीत. सगळी म्हातारी आहेत. ही पडली की मागं काही उरणार नाही."

"रोपं दिसली नाहीत म्हणतोस?" एक शेतकरी म्हणाला. "दिसली असती तर तू सांगितलं असतंस का?"

लोक हसले.

"माझ्या दारापुढे चांगला डेरेदार बिबळा आहे," प्रधान म्हणाले. "संपला म्हणे. शेजाऱ्याच्या मृदंगावर डोळा आहे, दुसरं काही नाही."

पुन्हा हशा झाला. सटवाजी सांगत राहिला, पण जितकं तो जोरात सांगे तितकं ते लोकांना खोटं वाटे. त्याला हेही कळत होतं, की दोष लोकांचा नाही. महिन्यापूर्वी तो याच तोंडानं हेच बोलला होता, आणि तेव्हा त्याच्या मनात खरंच दुसरं काही नव्हतं.

राणीनं केरोबाकडे पाहिलं. "केरोबा, तुझं पोट त्या झाडावर आहे. लाकूड मिळायला अवघड झालंय का?"

केरोबानं सटवाजीकडे एक नजर टाकली. मग म्हणाला, "शोधलं की मिळतं, सरकार."

"एकाच माणसाच्या शब्दावर साऱ्या राज्याचे हात बांधता येत नाहीत," राणी म्हणाली. "उद्या सकाळी निर्णय सांगेन. तोवर सटवाजीच्या बाजूनं आणखी कुणी बोललं तर ऐकेन. नाहीतर हा विषय संपला."

सटवाजी घरी आला. ओसरीवर बसून राहिला. भागानं पाणी आणून दिलं.

"कोण बोलेल माझ्या बाजूनं?" तो म्हणाला.

"डोंगरात सारखं कोण जातं?" भागानं विचारलं.

सटवाजीला उत्तर माहीत होतं. तेच एक उत्तर त्याला नको होतं. त्या दारात तो कित्येक वर्षांत गेला नव्हता. दिवेलागणीला तो उठला आणि गल्ली ओलांडून गेला.

केरोबा अर्धवट कोरलेल्या खोडापाशी बसला होता. त्यानं वर पाहिलं, पण ये म्हणाला नाही. सटवाजी उंबऱ्यातच थांबला.

"मी तुझं वाईट व्हावं म्हणून दरबारात गेलो होतो," सटवाजी म्हणाला. "तुझा मृदंग वाजला की मला झोप लागत नाही. लोक हसले ते बरोबरच आहे. पण झाड खरंच चाललंय, केरोबा. मी रोप शोधत फिरलो. एकही नाही."

केरोबानं हातातली पटाशी खाली ठेवली.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "गुरुजी होते तेव्हा देवळामागच्या उतारावर झाड मिळायचं. आता मला दोन डोंगर पलीकडे जावं लागतं. मागच्या वेळी मोकळ्या हातानं परत आलो."

"मग आज सांगितलं का नाहीस?"

"तू सांगत होतास म्हणून," केरोबा म्हणाला. "तुझ्या तोंडचं खरं ठरवायला माझी जीभ उचलेना."

केरोबा पुढं बोलू लागला. "माझं पहिलं खोड फणसाचं होतं, आठवतं? ते तडकलं. गुरुजींनी सगळ्यांपुढे तुझं खोड हातात घेतलं आणि मला म्हणाले, असं करायचं असतं. तू त्यांचा मुलगा, तुझा हात त्यांच्यासारखा. मी त्या दिवसापासून फणसाला हात लावला नाही. तुला वाटतं मी बिबळ्यामुळे मोठा झालो. मी बिबळ्याकडे पळून गेलो होतो."

सटवाजी उंबऱ्यावर खाली बसला. निघताना सटवाजी एवढंच म्हणाला, "उद्या तुला पटेल ते कर. मी काही मागत नाही."

सकाळी पारावर लोक जमले. राणीनं विचारलं, "आणखी कुणाला बोलायचं आहे?"

केरोबा उठला. "काल मी अर्धंच सांगितलं, सरकार. शोधलं की मिळतं हे खरं, पण शोधायला दर वर्षी आणखी लांब जावं लागतं. आणि जे मिळतं ते शेवटचंच असावं असं वाटतं. सटवाजी सांगतो ते शब्दन्‌शब्द खरं आहे."

कुणी हसलं नाही. राणीनं विचारलं, "अभय दिलं तर तुझं काय होईल, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," केरोबा म्हणाला. "नाही दिलं तरी माझ्या मुलाचं तेच होईल."

राणीनं निर्णय दिला. बिबळ्याच्या उभ्या झाडावर कुणी कुऱ्हाड चालवायची नाही. शेंगा पिकून गळेपर्यंत चाऱ्यासाठी फांद्या छाटायच्या नाहीत. देवळामागच्या उतारावर कुंपण घालून गुरं सोडायची नाहीत. वादळात झाड पडलंच, तर त्याचं लाकूड गावानं मिळून काय करायचं ते ठरवायचं. वैद्यांनी कुरकुर केली, शेतकऱ्यांनी केली. पण ज्याचं सगळ्यात जास्त नुकसान होणार तोच उभा राहून मागत होता, तेव्हा कुरकुर फार चालली नाही.

लोकांनी केरोबाला हार घातला. स्वतःच्या पोटावर पाय देऊन झाड वाचवणारा माणूस म्हणून त्याचं नाव गावोगाव झालं. तो सटवाजीचं नाव घेई, पण लोकांना गोष्ट एकाच माणसाची ऐकायला आवडे. हार घालत होते तेव्हा सटवाजी गर्दीच्या मागं उभा होता.

"टोचतंय का?" भागानं विचारलं.

"टोचतंय," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं म्हणाला, "टोचू दे."

काही दिवसांनी केरोबा फणसाचं खोड खांद्यावर घेऊन सटवाजीच्या दारात आला. "शिकवशील?" त्यानं विचारलं. सटवाजीनं त्याला बसायला जागा करून दिली. पण केरोबाच्या हाताला घट्ट लाकडाची सवय होती. त्यानं घाईनं कोरलं, उन्हात वाळत टाकलं, आणि आठवडाभरात खोड वरपासून खालपर्यंत तडकलं.

ती चीर बघून सटवाजीला आनंद झाला. अगदी आतून झाला, आणि झाला हे त्याला कळलंही. त्यानं तो आनंद गिळला, दुसरा ओंडका ओढला आणि म्हणाला, "फणस कोवळ्या जिवाचा असतो. त्याच्या दोन्ही तोंडांना शेण लिंप आणि सावलीत ठेव. त्याला वाळायला त्याचा वेळ दे. हे असं धर." आणि त्यानं केरोबाचा हात धरून पटाशी वळवून दाखवली. ते खोड तडकलं नाही.

पुढं चार-सहा पावसाळे गेले. केरोबाचे फणसाचे मृदंगही चांगले वाजू लागले, सटवाजीच्या मृदंगांइतकेच, कधी जरा अधिकच. सटवाजी ते ऐके आणि काम चालू ठेवी.

एका सकाळी तो देवळामागच्या उतारावर कुंपण दुरुस्त करायला गेला होता. गवतात त्याला गुडघ्याएवढं एक रोप दिसलं. पानं ओळखीची होती. तो खाली बसला. क्षणभर त्याला वाटलं, हे आपल्याशीच ठेवावं. हे पहिल्यांदा आपण पाहिलंय, केरोबानं नाही.

मग तो उठून उताराच्या टोकाशी गेला आणि खाली गल्लीकडे तोंड करून त्यानं हाक मारली, "केरोबा, वर ये. लवकर ये."

केरोबा धापा टाकत आला. दोघं म्हातारे त्या रोपापाशी उकिडवे बसले. कुणीच त्याला हात लावला नाही.

तात्पर्य इतकंच: खरं सांगायला जाताना मनातली जळफळ सोबत नेली, तर लोकांना जळफळच ऐकू येते आणि खरं तसंच राहून जातं. आणि खरं शत्रूच्या तोंडून आलं म्हणून जो गप्प बसतो, त्याच्या हातूनही तेवढंच नुकसान होतं.