तांबरीच्या तळ्याला खड्डा न पाडण्याबाबत

विषय: तांबरी संस्थानच्या राजतळ्यातून माती नेताना खड्डा पडू न देण्याबाबत.
संदर्भ: श्रीमंत उदाजीराव महाराजांचा तोंडी हुकूम. कुंभारवाड्याचे अर्ज तीन, उत्तर नाही.

सदर प्रकरणाची हकीकत अशी. एका वर्षी महाराज सासुरवाडीला गेले होते. तिथे डोंगरात, कातळाच्या खोबणीत एक तळे आहे. त्याला कोणी हात लावत नाही, आणि पाणी इतके नितळ की तळाचे खडे मोजावेत. महाराज भारावले. परत येताच त्यांनी जाहीर केले की तळ्यालाही जीव असतो, त्याला कुदळ लावणे हा अन्याय आहे आणि आपल्या राज्यात तळ्यालाही न्याय मिळेल. दिवाण त्र्यंबकपंतांनी मान डोलावली. त्यांची नेमणूकच त्यासाठी होती.

अडचण एवढीच की तांबरीचे तळे कातळात नव्हते. ते महाराजांच्या आजोबांनी माळावर खणून घेतले होते. दर पावसाळ्यात टेकडीची तांबडी माती त्यात उतरायची, आणि दर उन्हाळ्यात कुंभार ती गाढवांवर लादून न्यायचे. त्यांना मडक्यांपुरती माती मिळायची, तळे खोल राहायचे. हुकूम निघाला आणि कुदळी थांबल्या. तीन वर्षांनी संक्रांतीला महाराजांची नाव तळ्याच्या मधोमध चिखलात रुतली. महाराजांना एका भोयाच्या पाठुंगळी बसून काठावर यावे लागले.

चौकशी चैत्रापर्यंत चालली. दिवाणांनी निष्कर्ष काढला की कुंभार चोरून माती नेत असणार. माती नेल्याने तळे उथळ कसे होते, हे विचारण्याचे काम कोणाचे, ते ठरलेले नव्हते.

येसू कुंभाराला दरबारात उभे केले. महाराजांसमोर त्याची बोबडी वळते, म्हणून बोलायला त्याची मुलगी भागू आली होती.

"चोरी कसली, सरकार? चाळीस घरांतली चाकं बंद पडलीत," ती म्हणाली. "दुसरीकडची माती आणून पाहिली. भाजली की तडकते. आता गाव सोडायचं तेवढं राहिलंय."

"म्हणून तळ्याला जखमा करायच्या?" महाराज म्हणाले. "बरं, उद्या दहा गाढवं भरून माती न्या. पण तळ्याला खड्डा पडला, तर तुमची चाळीस घरं डोंगरापलीकडे."

दरबार हसला. येसूने खाली बसायला जागा शोधली.

"चालेल," भागू म्हणाली. "फक्त सरकारांनी स्वतः यावं. दिवाणजींच्या नजरेवर आमचा भरवसा नाही."

"माझी नजर उत्तम आहे," दिवाण म्हणाले.

"असेल. तळं गाळानं भरत होतं तेव्हा कुठं गेली होती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे घाटावर जमले. पाणी आटून काठचा गाळ उघडा पडला होता. घाटाच्या पाच पायऱ्या दिसत होत्या. भागूने पाचवीच्या पायथ्याशीच कुदळ मारली. चार गाढवे भरली तोच दिवाण ओरडले, "खड्डा! सरकार, डोळ्यांदेखत खड्डा!"

"पायरी आहे ती, दिवाणजी," भागू म्हणाली.

खरेच गाळातून सहावी पायरी वर आली होती. दहावे गाढव भरेपर्यंत सातवीही दिसू लागली.

"ह्या कोणी बांधल्या, सरकार?"

"आमच्या आजोबांनी. सतरा आहेत."

"सतरा पायऱ्या उतरून जायचं कुठं होतं त्यांना?"

महाराज पायऱ्या मोजू लागले.

"खड्ड्यातच ना? त्यालाच आपण तळं म्हणतो. खड्डा थोरल्या सरकारांनी पाडला, आम्ही त्यातली भर काढतोय. सतरावी पायरी लागली की कुदळ थांबेल. त्याखालचं एक घमेलं जरी उचललं, तर आम्हीच डोंगरापलीकडे जाऊ."

"पण सासुरवाडीच्या तळ्याला तर कोणी..."

"ते देवानं केलंय, त्याचं तो बघतो. हे माणसांनी केलंय, ह्याला माणसं लागतात. तरी सरकारांना खड्डा नकोच असेल, तर आणखी दोन पावसाळे थांबावं. एकही खड्डा उरणार नाही. ज्वारी चांगली येईल."

महाराजांनी दिवाणांकडे पाहिले. दिवाणांची मान सवयीने डोलत होती. तिथे महाराजांना हसू फुटले, आणि ते इतके हसले की त्यांनी ओल्या सातव्या पायरीवरच बसकण मारली. राजवस्त्र मागून तांबडे झाले. त्यांनी तिथेच जुना हुकूम रद्द केला. यापुढे दर उन्हाळ्यात कुंभारांनी सतराव्या पायरीपर्यंत गाळ न्यावा, कोणी अडवू नये.

"आणि तुला काय हवं, पोरी?"

"तीन वर्षांचा गाळ आहे, सरकार. दहा गाढवांनी आवरायचा नाही. आणखी दोन द्या."

"दिली," महाराज म्हणाले.

"रीतसर अर्ज करावा," दिवाण म्हणाले.

भागूने अर्ज केला. गाढवे तळ्याच्या कामासाठी की कुंभारकामासाठी, याचा बोध होत नाही, असा शेरा मारून दफ्तराने तो परत पाठवला. दोन्हींसाठी, असा खुलासा तिने जोडला. त्यावर दोन खात्यांची संमती लागेल असे कळवण्यात आले. त्या उन्हाळ्यात दहाच गाढवांनी बाराव्या पायरीपर्यंत गाळ निघाला, पुढल्या उन्हाळ्यात उरलेला. चाळीसही घरांची चाके फिरू लागली.

गाढवांचा अर्ज प्रलंबित आहे.